विजापूरचे बिशप मातेउस दे कास्त्रो

विजापूरचे नाव निघाले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम अफझलखान उभा राहतो, मग गोल घुमट, आणि त्यानंतर फारसे काही नाही. गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला आदिलशाहीचा पाठ चालू असता, त्या दरबारच्या मुलुखात ख्रिस्ती लोक होते काय, असा प्रश्न एका मुलाने आम्हांस विचारला. प्रश्न लहान होता. उत्तर मात्र तासाच्या उरलेल्या वेळात मावण्यासारखे नव्हते. ते आज या पानांवर देत आहो. आदिलशाही मुलुखात केवळ ख्रिस्ती लोकच नव्हते, तर रोमच्या पोपने त्या मुलुखासाठी एक बिशप नेमला होता, आणि तो कोणी युरोपियन नसून गोव्याच्या दिवाडी बेटावर जन्मलेला, महाले घराण्यातील ब्राह्मण ख्रिस्ती होता. लॅटिन पंथाच्या मंडळीत बिशपपदास पोचलेला हाच पहिला हिंदी मनुष्य होय.

मातेउस दे कास्त्रो यांचा जन्म इ. स. १५९४ च्या सुमारास दिवाडी बेटावरील नावेली गावी झाला. दिवाडी हे मांडवी नदीतील बेट असून जुन्या गोवे शहराच्या अगदी समोर आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले, आणि १५६० च्या सुमारास या बेटावरील बहुतेक लोक ख्रिस्ती झाले. त्याच काळात येथील सप्तकोटेश्वराचे देऊळ पाडण्यात आले व भाविकांनी तेथील लिंग नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे गावी नेऊन ठेविले. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी ज्या देवालयाचा जीर्णोद्धार केला ते हेच. वाचकांनी डिचोली हे नाव ध्यानात ठेवावे. आमच्या चरित्रनायकासही एके दिवशी नदी ओलांडून तेथेच आश्रयास जावे लागले.

मातेउस यांचे शिक्षण बारदेशात रेइश मागुश येथील फ्रान्सिस्कन संन्याशांच्या विद्यालयात झाले. तो काळ विद्येच्या दृष्टीने कोरडा नव्हता. जवळच साष्टी प्रांतात फादर स्टीफन्स हे मराठीत ख्रिस्तपुराण रचीत होते आणि १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापून निघाले. म्हणजे देशी भाषेस ओवीच्या पाटावर बसविण्यास मंडळी तयार झाली होती. पण देशी मनुष्यास वेदीपाशी उभे करावयाचे म्हटले की तीच मंडळी मागे सरे. मातेउस यांनी धर्मगुरूची दीक्षा मागितली तेव्हा आर्चबिशप क्रिस्तोवाँव द सा यांनी ती देण्याचे नाकारले. उमेदवार लॅटिन शिकलेला होता, वर्तनाने निर्दोष होता, आणि त्याचे घराणे ख्रिस्ती होते. उणे एवढेच की तो या देशातला होता.

येथे एक गोष्ट पालकांस समजावून सांगणे अवश्य आहे, नाही तर पुढचा सारा झगडा व्यक्तिद्वेषाचा वाटेल. पंधराव्या शतकात पोपांनी पोर्तुगालच्या राजास एक मोठा अधिकार दिला होता. पूर्वेकडील नव्या प्रदेशांत देवळे बांधावी, पाद्री पाठवावे, त्यांचा खर्च सोसावा, आणि त्या बदल्यात बिशपांच्या नेमणुकीसाठी नावे सुचविण्याचा हक्क राजाने भोगावा, अशी ती व्यवस्था होती. तिला पाद्रुआदु म्हणत. आरंभी तिच्यात सोय होती. रोमजवळ ना जहाजे होती ना पैसा. परंतु शंभर वर्षांत असे झाले की लिस्बनची परवानगी असल्याखेरीज पोपचा कागदसुद्धा गोव्यात चालेना. राजाचे अधिकारी आणि मंडळीचे अधिकारी यांतील भेद पुसट झाला. मग धर्मगुरु कोणाला करावयाचे हा प्रश्न केवळ धर्माचा न राहता राज्याचाही झाला. जिंकलेल्या लोकांपैकी एकास आपल्यापुढे आशीर्वाद देण्यास उभे करावे, ही कल्पनाच गोव्यातील अनेक फिरंग्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

नकार मिळाल्यावर घरी बसणारे पुष्कळ असतात, आणि आम्ही त्यांस दोष देत नाही. मातेउस मात्र १६२१ च्या सुमारास गोव्यातून निघाले. लिस्बनच्या जहाजांवर राजाची सत्ता होती, म्हणून त्यांनी पश्चिम आशियातून खुष्कीचा मार्ग धरिला. तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. १६२५ मध्ये ते रोमला पोचले. आजच्या मुलांना नकाशावर बोट फिरवून ही वाट दोन मिनिटांत पुरी करता येते; ती चालण्यास त्या तरुणास काही वर्षे लागली, हे बोट फिरविताना आठवावे.

ते योग्य वेळी पोचले असे म्हटले पाहिजे. तीनच वर्षांपूर्वी, १६२२ मध्ये, पोप पंधरावे ग्रेगरी यांनी रोम येथे धर्मप्रसाराचे काम पाहण्यासाठी कार्डिनलांचे एक स्वतंत्र मंडळ स्थापन केले होते. त्याचे चिटणीस फ्रान्चेस्को इंगोली हे मोठे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. धर्मकार्य राजांच्या मुठीतून सोडवावयाचे तर त्या त्या देशातील माणसे धर्मगुरु झाली पाहिजेत, असे त्यांचे ठाम मत होते. आणि १६४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते सोडले नाही. अशा मनुष्यापुढे गोव्याहून पायपीट करीत आलेला हा शिकलेला तरुण उभा राहिला. इंगोलींना जे पत्रांतून सांगावयाचे होते त्याचा जणू जिवंत दाखलाच दाराशी आला. मातेउस यांनी रोममध्ये धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला आणि १६३० च्या सुमारास त्यांस दीक्षा मिळाली. इकडे सह्याद्रीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो हाच काळ.

दीक्षित धर्मगुरु म्हणून ते १६३३ मध्ये गोव्यास परतले. आपल्याच बेटासमोरील त्या शहरात त्यांचे काय स्वागत झाले? त्यांनी रोमहून आणिलेले अधिकारपत्र मानण्यास तेथील मंडळीच्या अधिकाऱ्यांनी साफ नकार दिला. पत्र राजाच्या कचेरीतून आलेले नव्हते, एवढे कारण त्यांस पुरेसे होते. ज्यास रोमने धर्मगुरु केले तो गोव्यात धर्मगुरु ठरेना. मातेउस पुन्हा रोमच्या वाटेस लागले व १६३६ मध्ये तेथे पोचले.

या वेळी मंडळाने जे केले ते धाडसाचे होते. गोव्याच्या आर्चबिशपाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेव्हा जेथे पोर्तुगालच्या राजाची सत्ताच चालत नाही अशा मुलुखात आपला स्वतःचा अधिकारी नेमावा, असे ठरले. गोव्याच्या सरहद्दीला लागूनच विजापूरचे राज्य होते. १६३७ मध्ये मातेउस यांस ख्रिसोपोलिस या नावापुरत्या बिशपपीठाचा बिशप करून आदिलशाही मुलुखाचे पोपचे प्रतिनिधी नेमण्यात आले. अशा अधिकाऱ्यास व्हिकर अपोस्टोलिक म्हणतात. त्यास स्वतःचे पीठ नसते. तो प्रत्यक्ष पोपच्या वतीने कारभार पाहतो, म्हणून राजाच्या हक्काचा प्रश्न येत नाही. युक्ती कायद्याची होती आणि चांगली होती. पोर्तुगाल त्या वेळी स्पेनच्या राजाच्या ताब्यात असल्यामुळे माद्रिदचा रोष ओढवू नये म्हणून अभिषेकाचा विधीही गाजावाजा न करता उरकण्यात आला.

पोर्तुगीजांचे म्हणणेही येथे नमूद केले पाहिजे. आफ्रिकेच्या टोकापासून पूर्वेकडील सारे ख्रिस्ती कार्य आपल्या राजाकडे सोपविलेले आहे, मग तो मुलुख आपण जिंकलेला असो वा नसो, असा त्यांचा दावा होता. रोमचे म्हणणे असे की जेथे राजाचा झेंडा नाही तेथे राजाचा हक्कही नाही. दोन्ही बाजूंस जुने दस्तऐवज होते. अशा वादात जो मनुष्य मध्ये सापडतो त्याची दशा जात्यातील दाण्यासारखी होते, आणि येथे तो मनुष्य आपला गोवेकर बिशप होता.

हिंदुस्थानात परतल्यावर, १६४० च्या सुमारास, त्यांनी आदिलशाही मुलुखात कामास आरंभ केला. त्या वेळी विजापूरच्या तख्तावर महंमद आदिलशहा होता, आणि शहाजीराजे भोसले त्याच्याच चाकरीत होते. मुसलमान बादशहाच्या राज्यात हिंदी बिशपास राहावयास जागा मिळाली, आणि ख्रिस्ती राजाच्या राज्यात मिळाली नाही, ही गोष्ट आम्हांस नेहमी विचारात पाडते. मातेउस यांनी आपले ठाणे डिचोलीस केले. गोव्यात ज्यांस दीक्षा मिळत नसे असे तरुण सरहद्द ओलांडून त्यांच्याकडे येऊ लागले आणि त्यांनी त्यांपैकी काहींस दीक्षा दिली. गोव्यात एकच ओरड झाली. आर्चबिशप फ्रान्सिस्कु दुश मार्तिरिश यांच्या कारकिर्दीत या दीक्षा अवैध ठरविण्यात आल्या, आणि ज्यांनी त्या घेतल्या होत्या त्यांस गोव्यात धर्मविधी चालविण्याची मनाई झाली. त्या नव्या धर्मगुरूंच्या घरी त्या दिवशी काय वाटले असेल याची कल्पना ज्यांची मुले पुष्कळ खटपटीने शिकून परीक्षा उतरली आणि मग दारातूनच परतविली गेली, अशा आईबापांस सहज करता येईल.

१६४४ च्या सुमारास बिशप तिसऱ्यांदा रोमला गेले. या खेपेस त्यांच्यावर आणखी एक कामगिरी आली. हबशांच्या देशात, म्हणजे इथिओपियात, जेझुइट पाद्र्यांनी पुष्कळ वर्षे खपून बादशहास रोमन मंडळीत आणिले होते. परंतु पुढे फासिलदस बादशहाने १६३२ मध्ये गादीवर येताच तो मामला मोडला व युरोपियन पाद्र्यांस देशाबाहेर घालविले. त्यांचे प्रमुख पेट्रिआर्क आफोंसु मेन्दिश हे गोव्यास येऊन राहिले. गोऱ्या पाद्र्यांस जेथे आता पाऊल टाकता येत नाही तेथे सावळ्या वर्णाचा बिशप जाऊ शकेल, असे रोमला वाटले, आणि मातेउस यांस त्या देशाचेही अधिकारपत्र मिळाले. विचार वाईट नव्हता. पण ज्या देशाची वाट बंद झाली ती केवळ वर्णाने उघडत नाही. ते तांबड्या समुद्रावरील मोखा बंदरापर्यंत गेले. पुढे इथिओपियात शिरणे त्यांस साधले नाही. शिवाय मेन्दिश हे अजून स्वतःस त्या देशाचे धर्मप्रमुख समजत असल्यामुळे त्यांचा मोठा संताप झाला, आणि त्यांनी मातेउस यांच्या वर्णावरून जे हीन शब्द पत्रात लिहिले ते शाळेच्या मासिकात देण्याजोगे नाहीत. एवढ्या विद्वान व सोसलेल्या वृद्धाने असे लिहावे याचे आम्हांस वाईट वाटते. कारण हबसाणात त्याने स्वतः हालअपेष्टा भोगल्या होत्या.

आता या चरित्रातील अवघड भाग येतो. तो गाळून पुढे जाणे सोपे होते. पण मग हे चरित्र न राहता आरती झाली असती.

सोळाशे पन्नासच्या आसपास मातेउस पुन्हा डिचोलीस आले तेव्हा ते पंचावन्न ओलांडलेले, तीन वेळा समुद्र व वाळवंटे तुडविलेले आणि मनाने पोळलेले गृहस्थ होते. गोव्यात त्या वेळी सारेच अस्थिर होते. १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनचे जू झुगारून आपला राजा निराळा केला होता. परंतु पोपने त्यास अद्याप मान्यता दिली नसल्यामुळे नवे बिशप नेमले जात नव्हते, आणि १६५२ मध्ये आर्चबिशप वारल्यावर गोव्याची गादी रिकामीच राहिली. दुसऱ्या वर्षी, १६५३ च्या ऑक्टोबरात, गोव्यातील लोकांनी विजरई कोंद द ओबिदुश यासच पदच्युत केले. (या बंडाचा पुढारी ब्राश द कास्त्रो हा पोर्तुगीज सरदार होता, आडनाव एकच म्हणून वाचकांनी घोटाळा करू नये.) डच लोक समुद्रावर पोर्तुगीजांची जहाजे धरीत होते व वेंगुर्ल्यास १६३७ पासून त्यांची वखार होती.

अशा वेळी, १६५३ मध्ये, मातेउस यांनी डिचोलीहून गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती लोकांस उद्देशून एक लेख लिहिला. ब्राह्मणांचा आरसा अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. आपल्या लोकांचे झालेले अपमान त्यात मांडून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध उठण्याची चिथावणी त्यांनी दिली. पुढच्याच वर्षी, १६५४ मध्ये, आदिलशाही फौज बारदेश व साष्टी या प्रांतांत शिरली आणि मागे हटविली गेली. ही स्वारी बिशपानेच घडवून आणिली, आणि डचांशीही त्याचे संधान आहे, असा आरोप पोर्तुगीजांनी केला. डच हे प्रॉटेस्टंट, आदिलशहा मुसलमान, आणि हा पोपचा बिशप. शत्रूचा शत्रु तो मित्र, हा राजकारणाचा नियम धर्माधिकाऱ्याच्या हातीही येतो, याचे हे उदाहरण आहे.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर अन्याय खरा होता, राग खरा होता, आणि तरीही बिशपाने तलवारीकडे पाहावयास नको होते. गोव्यात तलवार चालती तर ती प्रथम कोणाच्या मानेवर पडली असती? बारदेशच्या व साष्टीच्या खेड्यांतील गरीब ख्रिस्ती कुळांच्याच. दुसरी एक गोष्ट आम्हांस याहून अधिक बोचते. मातेउस यांनी हाक मारली ती ब्राह्मणांस. वर्णावरून आपणांस खाली ढकलले याचे दुःख ज्याने जन्मभर वाहिले, त्यास आपल्या पायरीखालच्या हिंदी बांधवांची आठवण फारशी झाली नाही. आपल्या वऱ्हाडातील मंडळीत ज्यांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहत ते आज पंच आहेत, शिक्षक आहेत, पाळक आहेत. त्यांतील कोणी हा लेख वाचील तर मातेउस यांच्या धैर्याचे कौतुक करील आणि या ठिकाणी थोडा थांबेल. थांबणे योग्यच आहे.

परंतु ज्यांनी त्यांस केवळ कटवाला ठरविले त्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. सत्तावीस वर्षांच्या त्या उमेदवारास १६२१ पूर्वीच आर्चबिशपाने दीक्षा दिली असती तर काय झाले असते? बहुधा दिवाडीवरील एखाद्या देवळात त्यांनी शांतपणे जन्म काढला असता आणि आज त्यांचे नाव कोणास ठाऊक नसते.

१६५८ मध्ये मातेउस चौथ्यांदा व अखेरचे रोमला गेले. चार वेळा जाणे व तीन वेळा येणे, एवढा प्रवास त्या काळच्या किती हिंदी माणसांनी केला असेल! पुढच्याच वर्षी इकडे प्रतापगडाखाली अफझलखान पडला आणि ज्या विजापूरच्या आश्रयाने ते राहिले त्या राज्याचे दिवस फिरले. त्याच १६५९ मध्ये रोमच्या मंडळाने पूर्वेकडे जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींस एक सूचनापत्र दिले. त्यात देशी धर्मगुरु तयार करण्यावर भर होता. लोकांच्या चालीरीती धर्माच्या व नीतीच्या विरुद्ध नसतील तर त्या बदलू नयेत, आणि राजकारणात पडू नये, अशीही ताकीद होती. मातेउस यांच्या आयुष्यातील यश व चूक ही दोन्ही या सूचनांच्या कागदावर शेजारी शेजारी वाचता येतात.

उरलेली वर्षे त्यांनी रोममध्येच घालविली. मायदेशी पुन्हा येणे झाले नाही. १६७७ मध्ये, वयाच्या त्र्यांशीव्या वर्षाच्या सुमारास, तेथेच त्यांचा अंत झाला. तीन वर्षांपूर्वी रायगडावर राज्याभिषेक झाला होता. दिवाडीसमोरचा डिचोली महालही तोवर मराठ्यांच्या हालचालींनी गजबजला होता.

त्यांनी उघडलेले दार मात्र लगेच बंद झाले नाही. गोव्याचेच कुस्तोदियु द पिन्यु हे त्यांच्यामागून विजापूरच्या मुलुखाचे बिशप झाले आणि १६९७ पर्यंत जगले. मातेउस यांचे पुतणे तोमास दे कास्त्रो यांस कानडा व मलबार या किनाऱ्यांचे अधिकारपत्र मिळाले. १६८१ मध्ये बाणावलीचे तरुण धर्मगुरु जोजे वाज हे गोव्याच्या वतीने कानडात गेले, तेव्हा त्यांस याच तोमास यांच्याशी अधिकाराचा प्रश्न सोडवावा लागला. दोघेही गोवेकर, दोघेही ब्राह्मण, एकाच्या हाती गोव्याचा कागद आणि दुसऱ्याच्या हाती रोमचा! पुढे हेच वाज सिंहलद्वीपात गेले, तेथेच १७११ मध्ये वारले, आणि २०१५ मध्ये कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संतपद दिले.

त्यानंतर हिंदी बिशपांची परंपरा फार काळ खंडित झाली. अँग्लिकन मंडळीत व्ही. एस. अझरिया हे दोर्नकलचे बिशप झाले ते १९१२ मध्ये. रोमन मंडळीत लॅटिन पंथाचे तिबुर्सियस रोश यांस तुतिकोरिनची गादी मिळाली ती १९२३ मध्ये. विजापूरच्या ज्या अधिकारक्षेत्राचा आरंभ १६३७ मध्ये मातेउस यांच्यापासून झाला, तेच नावे व सीमा बदलत बदलत पुढे मुंबईचे धर्मपीठ झाले. आणि गोवेकर आईबापांचे पुत्र व्हॅलेरियन ग्राशियस हे त्या पीठाचे आर्चबिशप असता १९५३ मध्ये पोपने त्यांस कार्डिनल केले. हिंदुस्थानातील ते पहिले कार्डिनल होत.